दाबोळीजवळचे एक बॅटरी शॉप : निकेल-कॅडमियम बॅटरीची देखभाल कशी असावी

विमानाची बॅटरी कामाला दिली म्हणजे ती चार्ज होऊन परत येते, एवढीच अपेक्षा बहुतेक जण ठेवतात आणि अनेक ठिकाणी काम होते तेही तेवढेच. आमच्या तळावरील हेलिकॉप्टरच्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्या गेली काही वर्षे गोव्यातील दाबोळी विमानतळाच्या परिसरातील एका लहान बॅटरी शॉपकडे जातात. तेथील कामाविषयी सविस्तर लिहावे असे बरेच दिवस मनात होते. बॅटरीत खरोखर किती दम उरला आहे हे कळण्याचा खात्रीचा मार्ग एकच असतो: तिच्यातून मोजून वीज काढून घ्यायची आणि त्या वेळी प्रत्येक सेल कसा वागतो ते लिहून ठेवायचे. हा मार्ग वेळखाऊ आहे, आणि हे शॉप तो कधीही टाळत नाही. शॉपचे नाव मी येथे देत नाही. ते मोजक्या ग्राहकांचे काम करते, जाहिरात करत नाही. शिवाय चांगले काम कशावरून ओळखावे हे मला सांगायचे आहे आणि ते कोणत्याही गावातील शॉपला लागू पडते.

आमच्या बॅटऱ्या २४ व्होल्टच्या, १७ अँपिअर-अवर क्षमतेच्या, म्हणजे १७ अँपिअरचा प्रवाह तासभर देऊ शकणाऱ्या आहेत. स्टेनलेस स्टीलच्या पेटीत २० सेल एकापुढे एक जोडलेले असतात आणि प्रत्येक सेलचे नाममात्र व्होल्टेज १.२ असते. स्वीडनच्या वाल्डेमार युंगनर यांनी १८९९ मध्ये निकेल-कॅडमियम सेल तयार केला. एवढ्या जुन्या रचनेची बॅटरी आजही टर्बाइन इंजिनाच्या हेलिकॉप्टरांत टिकून आहे ती दोन गुणांमुळे. इंजिन सुरू करताना लागणारा शेकडो अँपिअरचा झटका ती सहज देते आणि जवळजवळ रिकामी होईपर्यंत आपले व्होल्टेज सांभाळून धरते. उड्डाणात जनरेटर बंद पडला, तर रेडिओ, आवश्यक उपकरणे आणि दिवे यांना वीज पुरवण्याचे कामही तिच्यावरच येते. अनेक विमानांच्या प्रमाणनात हा पुरवठा किमान ३० मिनिटे टिकला पाहिजे अशी अट असते. सकाळी इंजिन व्यवस्थित सुरू झाले, याचा अर्थ ही ३० मिनिटे हाताशी आहेत असा होत नाही. इंजिन सुरू होण्यास काही सेकंदांचा झटका पुरतो आणि निम्मी क्षमता गमावलेली बॅटरीसुद्धा तो देऊ शकते.

व्होल्टेज शेवटपर्यंत टिकवण्याचा हा गुणच देखभालीच्या वेळी अडचणीचा ठरतो. लेड-ॲसिड बॅटरीत चार्ज उतरला की आम्लाची घनता उतरते, त्यामुळे हायड्रोमीटर बुडवून निदान अंदाज तरी बांधता येतो. निकेल-कॅडमियम सेलमध्ये पोटॅशियम हायड्रॉक्साइडचे द्रावण असते आणि त्याची घनता सेल भरलेला असो वा रिकामा, जवळपास तीच राहते. मल्टिमीटर लावून पाहिले, तर अर्धी रिकामी बॅटरी आणि पूर्ण भरलेली बॅटरी यांच्यातील फरक इतका थोडा असतो की त्यावर विसंबून निर्णय घेणे धोक्याचे ठरते. म्हणून ‘व्होल्टेज तपासले, ठीक आहे’ एवढाच शेरा असलेला कागद घेऊन बॅटरी परत आली, तर तिची तपासणी झालीच नाही असे मी समजतो.

गोव्याबाहेरच्या एका कार्यशाळेकडून आम्हाला पूर्वी असेच कागद मिळत असत. पेटी स्वच्छ, झाकण चकचकीत, एकूण व्होल्टेज नोंदवलेले, शिक्का आणि सही जागच्या जागी. सेलनिहाय आकडे मात्र कोठेच नसत. तेथून आलेल्या एका बॅटरीवर इंजिन सुरू करताना फिरण्याचा वेग मध्येच रेंगाळू लागला. टर्बाइन इंजिन पुरेशा वेगाने फिरले नाही आणि इंधन मात्र पेटले, तर आतील तापमान झपाट्याने चढते आणि इंजिनाची लाखो रुपयांची हानी क्षणांत होऊ शकते. वैमानिकाने वेळीच इंधन तोडले म्हणून ती हानी टळली. तीच बॅटरी दाबोळीच्या शॉपमध्ये डिस्चार्जला लावली, तेव्हा काही सेल अर्ध्या वेळातच एका व्होल्टखाली गेले आणि त्यांपैकी एकाची ध्रुवता चक्क उलटली. बाकीचे धडधाकट सेल त्या रिकाम्या सेलमधून उलट दिशेने प्रवाह ढकलत होते. एकूण व्होल्टेजच्या एका आकड्यात हे सारे झाकले गेले होते.

दाबोळीच्या या शॉपला नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची सीएआर-१४५ (विमान देखभाल संस्थांसाठीचा नियम) खाली मान्यता आहे आणि काम पूर्ण झाल्यावर बॅटरी सीए फॉर्म १ सह, म्हणजे ती वापरास योग्य असल्याच्या प्रमाणपत्रासह परत मिळते. ही किमान अट झाली; ती पूर्ण न करणाऱ्या ठिकाणी विमानाची बॅटरी पाठवण्याचा प्रश्नच येत नाही. पुढील तपशिलांवरून या शॉपचा वेगळेपणा लक्षात येईल.

बॅटरी आत घेतल्यावर पहिले काम डोळ्यांनी पाहण्याचे. झाकण उघडल्यावर सेलच्या माथ्यावर पांढरे खडे साचलेले दिसले, तर ते लगेच पुसले जात नाहीत. कोणत्या सेलभोवती किती साचले आहेत, हे आधी नोंदवले जाते. सेलमधून उडालेल्या द्रावणाचा हवेतील कार्बन डायऑक्साइडशी संयोग होऊन हे पोटॅशियम कार्बोनेट तयार होते, त्यामुळे ते एकाच सेलभोवती दाट असेल तर त्या सेलचा व्हेंट (वायू बाहेर सोडणारी झडप), त्याची ओ-रिंग (रबरी कडे) किंवा त्याची पातळी यांत काहीतरी गडबड आहे हे उघड होते. आधीच पुसून टाकले की हा पुरावा गेला. नोंद झाल्यावर नायलॉनच्या ब्रशने सफाई होते. तारेचा ब्रश तेथे नाहीच, कारण त्याने सेलना जोडणाऱ्या पट्ट्यांवरील निकेलचा मुलामा खरवडला जातो आणि गळालेले तारेचे तुकडे दोन सेलमध्ये शॉर्ट घडवू शकतात. एखादी पट्टी काळवंडलेली किंवा जळाल्यासारखी दिसली, तर तिचा नट सैल होता का हे टॉर्क रेंचने पाहिले जाते. सैल नट ही क्षुल्लक बाब वाटते. पण इंजिन सुरू होताना त्या सांध्यातून शेकडो अँपिअर जातात आणि तेथील थोडासा रोधही धातू वितळवण्याइतकी उष्णता निर्माण करतो.

यानंतर पेटी आणि सेल यांच्यातील विजेची गळती मेगरने (विजेचा रोध मोजणाऱ्या यंत्राने) तपासली जाते. गोव्यात या तपासणीचे महत्त्व विशेष आहे. जूनपासून पुढे दमट हवा आणि समुद्रावरून येणारा खारा वारा यांमुळे सेलच्या माथ्यावरील क्षाराचा पातळ थर ओलावा धरून ठेवतो आणि सेलपासून पेटीपर्यंत विजेची एक वाट तयार होते. बॅटरी हेलिकॉप्टरमध्ये नुसती बसलेली असतानाही या वाटेने हळूहळू रिकामी होत राहते, आणि तीही सर्व सेलमध्ये सारखी नाही. आमच्या दोन बॅटऱ्यांची क्षमता पावसाळ्यात लवकर घसरे. त्याचे कारण या शॉपने गळतीच्या आकड्यांवरून दाखवून दिले आणि पावसाळ्यापुरता सफाईचा कालावधी कमी करण्याचा सल्ला दिला. तो आम्ही मानला आणि घसरण थांबली.

त्यानंतर खरे काम सुरू होते. बॅटरी पूर्ण चार्ज करून १७ अँपिअरच्या प्रवाहाने रिकामी केली जाते. क्षमता शंभर टक्के असेल, तर बॅटरीने ६० मिनिटे तग धरली पाहिजे. ८५ टक्के ही स्वीकाराची मर्यादा धरली, तर ५१ मिनिटांच्या आत एकही सेल एका व्होल्टखाली जाता कामा नये. या काळात तंत्रज्ञ ठरावीक अंतराने वीसही सेलचे व्होल्टेज घेतो. शेवटच्या दहा-पंधरा मिनिटांत वाचनांतील अंतर कमी होते, कारण दुबळा सेल कोसळतो तो फार झपाट्याने. १.१ वर दिसणारा सेल काही मिनिटांत शून्याकडे जाऊ शकतो. या टप्प्यावर मी स्वतः तेथे बसून पाहिले आहे. वरिष्ठ तंत्रज्ञ एका हाताने प्रोब एका सेलवरून दुसऱ्यावर नेत आकडे मोठ्याने वाचतो आणि शिकाऊ मुलगा ते रकान्यात लिहितो. लिहिलेला प्रत्येक आकडा तो परत उच्चारतो आणि त्यानंतरच प्रोब पुढच्या सेलवर जाते. स्वयंचलित नोंद करणारी यंत्रे आता मिळतात आणि ती या शॉपने घ्यावीत असे मला वाटते. पण यंत्र नसताना चूक टाळण्याची याहून चांगली पद्धत मी पाहिलेली नाही.

क्षमता मोजून झाली की बॅटरी पुन्हा उभी करण्याचा टप्पा येतो आणि घाई करणाऱ्या ठिकाणी नेमका हाच गाळला जातो. हेलिकॉप्टरमध्ये बॅटरी स्थिर व्होल्टेजवर चार्ज होते आणि दर वेळी थोडीच रिकामी होते. महिनोन्‌महिने असे चालले की काही सेल मागे पडतात, काही पुढे जातात आणि पूर्ण क्षमता असूनही ती हाती येत नाही. त्यावर उपाय म्हणजे बॅटरी तळापर्यंत रिकामी करणे. प्रत्येक सेलवर रोधक लावून उरलासुरला चार्ज काढला जातो, मग सेलची दोन टोके थेट जोडणाऱ्या शॉर्टिंग क्लिपा लावून वीसही सेल शून्यावर आणले जातात आणि बॅटरी रात्रभर तशीच ठेवली जाते. यामुळे सर्व सेल एकाच रेषेवर येतात आणि पुढचा चार्ज सगळ्यांना सारखा मिळतो. मागे पडलेले बरेचसे सेल एवढ्यानेच सावरतात. एका फेरीत सावरले नाहीत, तर दुसरी फेरी दिली जाते. कोणता सेल किती फेऱ्यांनी सावरला याची नोंद कागदावर असते आणि मला ती फार मोलाची वाटते, कारण दर खेपेला दोन फेऱ्या मागणारा सेल पुढे लवकरच दगा देणार हे त्यातून आधी कळते.

पाणी घालण्याचे काम या शॉपचा दर्जा सर्वांत चांगला दाखवते, म्हणून त्यावर जरा अधिक लिहितो. निकेल-कॅडमियम सेल रिकामा होतो तेव्हा द्रावण प्लेट्समध्ये शोषले जाऊन पातळी खाली जाते आणि चार्ज होताना ती पुन्हा वर येते. म्हणून रिकाम्या बॅटरीत पातळी कमी दिसते म्हणून पाणी घातले, तर पुढच्या चार्जला तेच द्रावण उसळून बाहेर येते आणि सगळी पेटी क्षाराने भरते. पाणी घालण्याची योग्य वेळ म्हणजे चार्जचा शेवटचा टप्पा, म्हणजे बॅटरी १.७ अँपिअरच्या मंद प्रवाहावर असताना शेवटची काही मिनिटे. या शॉपमध्ये त्या वेळी काचेची सिरिंज आणि ठरावीक लांबीचे नोझल वापरतात. नोझलची मान सेलच्या तोंडावर टेकवायची आणि दट्ट्या ओढायचा. द्रावण वर आले तर पातळी पुरेशी आहे, नुसती हवा आली तर ५ सीसी डिस्टिल्ड पाणी घालून पुन्हा पाहायचे. प्रत्येक सेलला किती सीसी पाणी लागले, हे त्या सेलच्या रकान्यात लिहिले जाते.

हा आकडा पुष्कळ काही सांगतो. भरलेल्या सेलमधून पुढे जाणारा दर तीन अँपिअर-अवर चार्ज सुमारे एक सीसी पाण्याचे हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांत विघटन करतो. वीसही सेल एकाच माळेत असल्यामुळे सर्वांमधून सारखाच प्रवाह जातो, म्हणून पाणीही साधारण सारखेच लागायला हवे. सर्वच सेलना जास्त पाणी लागले, तर हेलिकॉप्टरच्या व्होल्टेज रेग्युलेटरची (चार्जिंगचे व्होल्टेज ठरवणाऱ्या यंत्राची) मांडणी चढी आहे असा संशय घ्यावा. एखाद्याच सेलला जास्त लागले, तर त्याची गळती तपासावी. शेजाऱ्यांपेक्षा बरेच कमी पाणी घेणारा सेल मात्र सर्वांत धोक्याचा. त्याच्यातील प्लेट्सना वेगळे ठेवणारा पातळ पडदा फाटलेला असू शकतो. तसे झाले की ऑक्सिजन वायुरूपाने बाहेर न पडता कॅडमियमच्या प्लेटवर जाऊन पुन्हा द्रावणात मिसळतो, पाणी कमी खर्च होते आणि त्याची उष्णता आतच राहते. गरम झालेल्या सेलचा रोध उतरतो, स्थिर व्होल्टेजवर तो अधिक प्रवाह ओढतो, अधिक तापतो, आणि ही साखळी आवरली नाही तर बॅटरी स्वतःलाच जाळू लागते. यालाच थर्मल रनअवे म्हणतात आणि या धोक्यामुळेच इंजिन सुरू करण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या निकेल-कॅडमियम बॅटरीला तापमान दाखवणारी किंवा चार्ज तोडणारी व्यवस्था आवश्यक मानली गेली. कमी पाणी पिणारा सेल पाहून ‘हा सेल काटकसरी आहे’ असे समाधान मानणारे तंत्रज्ञ मी पाहिले आहेत. या शॉपमध्ये त्या सेलचे चार्जअखेरीचे व्होल्टेज आणि तापमान तत्काळ तपासले जाते आणि ती दोन्ही बिघाडाकडे बोट दाखवत असतील, तर सेल बदलला जातो.

सेल बदलण्याबाबतही त्यांची शिस्त वाखाणण्यासारखी आहे. नवा सेल त्याच उत्पादकाचा आणि त्याच पार्ट नंबरचा असला पाहिजे यात तडजोड नाही. बदललेल्या सेलचा क्रमांक, जागा आणि तारीख बॅटरीच्या लॉगकार्डावर चढते. उत्पादकाच्या पुस्तिकेने ठरवलेल्या संख्येपुढे सेल बदलण्याची वेळ आली, की संपूर्ण संच बदलावा असे ते लेखी कळवतात आणि जुन्या बॅटरीला प्रमाणपत्र देत नाहीत. आमच्या एका बॅटरीबाबत हे घडले, तेव्हा हेलिकॉप्टर दुसऱ्या दिवशी उड्डाणाला हवे होते आणि मी जरा आग्रह धरला होता. वरिष्ठ तंत्रज्ञांनी सेलनिहाय आकड्यांचा कागद माझ्यापुढे सरकवला आणि एवढेच म्हणाले, “साहेब, हे आकडे तुम्हीच बघा. यावर मी सही करणार नाही.” आकडे पाहिल्यावर बोलण्यासारखे काही उरले नव्हते. ग्राहकाला नाही म्हणण्याची ही तयारी एखाद्या शॉपमध्ये असेल, तर त्याचे बाकीचे दोष मी सहज पोटात घालीन.

व्हेंट कॅप एकेक काढून कोमट डिस्टिल्ड पाण्यात भिजवणे, त्या २ ते १० पीएसआय या दाबाच्या कक्षेत उघडतात का हे पाहणे, तापमानाचा स्विच गरम करून तो ठरलेल्या अंशाला लागतो का हे तपासणे, मुख्य कनेक्टरच्या पिना झिजल्या आहेत का ते मापाने पाहणे ही कामे ते नियमाने करतात. त्यांविषयी वेगळे सांगण्यासारखे काही नाही.

लेड-ॲसिड बॅटऱ्यांसाठी मात्र वेगळी खोली आहे आणि तिचा उल्लेख करायलाच हवा. दोन्ही खोल्यांची दारे, पंखे, अवजारे, हातमोजे, फनेल आणि पाण्याचे कॅन वेगळे आहेत, त्यांवर रंगाच्या खुणा आहेत आणि एका खोलीतील माणूस दुसऱ्या खोलीत जाताना एप्रन बदलतो. सल्फ्युरिक आम्लाचा अंश जरी निकेल-कॅडमियम सेलमध्ये गेला, तरी तो सेल कायमचा निकामी होऊ शकतो. डोळ्यांत किंवा अंगावर द्रावण उडाले तर धुण्यासाठी वाहत्या पाण्याची सोय दोन्हीकडे आहे. सांडलेले आम्ल मारण्यासाठी एकीकडे खाण्याचा सोडा आणि अल्क मारण्यासाठी दुसरीकडे बोरिक ॲसिड ठेवलेले असते. छोट्या पिस्टन विमानांच्या सीलबंद लेड-ॲसिड बॅटऱ्या तेथे एका तासाच्या दराने रिकाम्या करून तपासल्या जातात. काँकॉर्ड या अमेरिकी उत्पादकाच्या पुस्तिकेतही ८५ टक्क्यांचीच मर्यादा आहे, म्हणजे १२ व्होल्टची बॅटरी १० व्होल्टवर येईपर्यंत किमान ५१ मिनिटे गेली पाहिजेत. येथे एक गोष्ट विमानमालकांनी ध्यानात घ्यावी. निकेल-कॅडमियम बॅटरी रिकामी करून, शॉर्ट करून महिनोन्‌महिने ठेवता येते; लेड-ॲसिड बॅटरी रिकामी राहिली की तिच्या प्लेट्सवर सल्फेटचा कडक थर बसतो आणि तो पुन्हा निघेलच असे नाही. पावसाळ्यात विमान हँगरमध्ये झाकून ठेवणाऱ्यांनी बॅटरी काढून शॉपकडे देणे आणि तिला वेळोवेळी चार्ज मिळेल अशी व्यवस्था करणे हाच शहाणपणाचा मार्ग आहे, कारण आपल्याकडच्या उष्ण हवेत बॅटरी आपोआप उतरण्याचा वेग थंड प्रदेशापेक्षा बराच जास्त असतो.

लिथियम-आयन बॅटऱ्या हे शॉप घेत नाही आणि तसे स्पष्ट सांगते. जानेवारी २०१३ मध्ये बोइंग ७८७ विमानांतील लिथियम बॅटऱ्यांना बॉस्टन येथे आग लागल्याच्या आणि जपानमधील ताकामात्सु येथे विमान तातडीने उतरवावे लागल्याच्या घटना घडल्या आणि त्यानंतर त्या प्रकारची सर्व विमाने काही महिने जमिनीवर ठेवावी लागली. त्या बॅटऱ्यांची देखभाल ही सर्वस्वी वेगळी विद्या आहे. आपल्याला येत नाही ते काम घ्यायचे नाही, ही त्यांची भूमिका मला पूर्णपणे मान्य आहे.

आता उणिवा. पहिली आणि मोठी उणीव वेळेची. मान्य आहे की चार्ज, डिस्चार्ज, रात्रभराचे शॉर्टिंग, पुन्हा चार्ज आणि पुन्हा क्षमता चाचणी हे चक्र दोन-तीन दिवसांत उरकण्यासारखे नसतेच. पण त्यावर सुट्या सेलची वाट पाहण्याचा काळ येतो आणि तो अनेकदा आठवड्यांत मोजावा लागतो. सतत लागणाऱ्या पार्ट नंबरचे दोन-चार सेल शॉपने स्वतःकडे ठेवले, तर ही अडचण बरीच कमी होईल. दुसरी उणीव विजेची. पावसाळ्यात वीज गेली की चाचणी मध्येच तुटते आणि तुटलेली चाचणी ते ग्राह्य धरत नाहीत, पहिल्यापासून पुन्हा घेतात. हे प्रामाणिकपणाचे लक्षण आहे यात शंका नाही, मात्र चाचणीच्या यंत्रांपुरता तरी अखंड वीजपुरवठा त्यांनी बसवायला हवा. तिसरी तक्रार उन्हाळ्याची आहे. एप्रिल-मे महिन्यांत चार्जिंगची खोली दुपारी फार तापते. तापलेली निकेल-कॅडमियम बॅटरी चार्ज नीट स्वीकारत नाही, त्यामुळे ते रात्री चार्ज लावतात आणि काम आणखी लांबते. खोलीला पुरेसे वातानुकूलन मिळाले तर हा प्रश्न एका फटक्यात सुटेल. हाताने लिहिलेला तक्ता माझ्या दृष्टीने उणीव नाही, परंतु त्याची प्रत मागितल्याशिवाय मिळत नाही, ती प्रत्येक बॅटरीसोबत न मागता यावी.

दर गोव्याबाहेरच्या कार्यशाळांपेक्षा किंचित जास्त आहेत. तरीही हिशेब एकूण खर्चाचा करावा. द्रव भरलेली अल्कयुक्त बॅटरी विमानाने पाठवायची तर ती युएन २७९५ या क्रमांकाखाली धोकादायक माल म्हणून पाठवावी लागते, आम्लाची असेल तर युएन २७९४ खाली. तसे पॅकिंग, तशी कागदपत्रे आणि तो माल घेणारा वाहतूकदार मिळवणे यांत पैसा आणि दिवस दोन्ही जातात. रस्त्याने घाट उतरून-चढून पाठवली तर सेलमधून द्रावण उसळण्याचा धोका राहतो आणि बॅटरी तपासून आली तरी प्रवासात पुन्हा बिघडू शकते. दाबोळी किंवा मोपा (गोव्यातील दुसरा विमानतळ) येथील तळावरून आपल्याच वाहनात उभी ठेवून नेता येईल एवढ्या अंतरावर शॉप असणे, ही सोय दरातील फरकापेक्षा कितीतरी मोठी आहे. मोपाहून येणाऱ्यांना पेडण्यापासून वास्कोपर्यंतची वाहतूक सोसावी लागते हे खरे, पण त्यातही अर्ध्या दिवसात जाऊन येता येते.

निकामी झालेले सेल शॉप ग्राहकाला परत करत नाही. कॅडमियम विषारी आहे आणि बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम २०२२ अन्वये त्याची विल्हेवाट नोंदणीकृत पुनर्चक्रकाकडेच लागली पाहिजे. ते सेल कोणाकडे आणि कधी गेले याची पावती त्यांच्या फाइलमध्ये असते आणि मागितल्यास दाखवली जाते. काही ग्राहक भंगाराच्या किमतीसाठी सेल परत मागतात असे तेथे ऐकले. तसे कोणीही करू नये.

ज्यांना या शॉपकडे किंवा अन्यत्र बॅटरी पाठवायची असेल, त्यांनी बॅटरीसोबत लॉगकार्ड तर द्यावेच, शिवाय मागच्या खेपेचा सेलनिहाय तक्ताही द्यावा, म्हणजे पाण्याच्या आणि व्होल्टेजच्या आकड्यांची तुलना होऊ शकते. हेलिकॉप्टरवर काय दिसले हेही लिहून द्यावे: इंजिन सुरू करताना व्होल्टेज किती खाली आले, तापमानाचा दिवा लागला का, रेग्युलेटरचे व्होल्टेज शेवटी केव्हा मोजले. ही माहिती मिळाली की शॉपमधील माणूस नेमका कोठे पाहावे हे जाणतो. बॅटरी परत आल्यावर सीए फॉर्म १ आधी पाहावा आणि मग वीसही रकाने वाचावेत. एखादा रकाना रिकामा असेल तर हेलिकॉप्टरमध्ये बसवण्यापूर्वीच विचारावे. राखीव बॅटरी नसलेल्यांनी दोन आठवडे आधी दिवस ठरवून घ्यावा. गणेश चवथीच्या आठवड्यात तेथील बहुतेक माणसे आपापल्या गावी जातात, त्या काळात चार्जिंगला लावलेली बॅटरी एकट्या पहारेकऱ्यावर सोडण्यापेक्षा ते काम घेतच नाहीत.